मंडईतल्या भाजीचे बी पेरण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेविषयी आलेल्या लेखात, भाजी चिरताना निघणारे बी फेकू नका, कडक उन्हात वाळवून कुंडीत पेरा, असा सल्ला दिला आहे. लेखामागचा हेतू चांगला आहे. पण या सल्ल्याने बहुतेकांच्या पदरी निराशाच पडते आणि मग दोष मातीला किंवा पाण्याला दिला जातो. परतीचा पाऊस आता थांबला आहे, बियाला फळ राखायचे दिवस हेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

मुळात मंडईतल्या भाजीत पेरण्याजोगे बी असतेच किती? काकडी, दोडका, भेंडी, वांगी, दुधी, कारली या भाज्या आपण कोवळ्या खातो. आपल्या कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत दुधीला हळूच नख लावून बघतात ते तो कोवळा आहे ना, याची खात्री करायला. त्या वयात बियांत गर भरलेला नसतो. असे बी वाळवले की सुरकुतते, चपटे पडते आणि मातीत कुजते. टोमॅटो, लाल भोपळा आणि लाल मिरची एवढीच काय ती पिकलेली फळे मंडईत येतात. त्यातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेला असतो. त्याचे बी उगवते जोमाने, पण पुढच्या पिढीत आईबापांचे गुण फुटून निघतात: एका झाडाला बारकी आंबट फळे, दुसऱ्याची साल तडकणारी, तिसरे चार पाने फुटताच रोगाला बळी. सुकी मिरची अनेकदा कडक उन्हात फरशीवर तापून निघालेली असते आणि एका पोत्यात चार शिवारांचा माल असतो. तिचे बी आमटीच्या मसाल्यात शोभते, वाफ्यात नाही.

तेव्हा सुरुवात सरळ वाणापासून करावी, म्हणजे ज्याच्या बियातून पुढच्या पिढीतही तसेच झाड येते त्या वाणापासून. पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ लिहिले असेल तर ते बी पेरा, भाजी खा, पण त्याचे बी राखू नका. निळे लेबल म्हणजे प्रमाणित बियाणे आणि हिरवे म्हणजे सत्यप्रत, ज्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो ते. वाण सरळ आहे की संकरित हे लेबलाच्या रंगावरून कळत नाही, त्यावरचा मजकूर वाचावाच लागतो. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका, टोमॅटोत पुसा रुबी, मिरचीत फुले ज्योती, वांग्यात मांजरी गोटा, काकडीत हिमांगी किंवा पूना खिरा, दुधीत राहुरी कृषी विद्यापीठाचा सम्राट ही सगळी सरळ वाणे आहेत. ज्यांचे गाव भुदरगड, आजरा, चंदगड भागात आहे त्यांनी घरच्या जुन्या माणसांकडे पावटा, वरणा, काळा घेवडा, गावठी काकडी यांची चौकशी करावी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशीच घराघरांतली गावठी बियाणी जपल्याबद्दल. अशी देवघेव करणे बेकायदा आहे का, ही शंका काहींना असते. वाणांचे आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचे रक्षण करणाऱ्या २००१ च्या कायद्यातील कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क देते. बंदी आहे ती संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे ब्रँडच्या नावाने विकण्याला.

आता कोल्हापूरचा खरा प्रश्न. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. या दिवसांत पिकायला सोडलेली भेंडीची शेंग आतून काळी पडते, घेवड्याला शेंगेतच मोड येतात, दोडक्यात बुरशी शिरते. म्हणून बी धरायचे फळ कोरड्या दिवसांत पिकेल असा हिशोब उलटा मोजत यावा. पावसाळी वेलाची सप्टेंबरअखेर धरलेली फळे बियाला राखावीत, म्हणजे ती दिवाळीच्या पुढे-मागे पिकतात. दुसरी संधी उन्हाळी पिकाची. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत लावलेली भेंडी, काकडी, दोडका यांचे बी एप्रिलअखेरीपासून हाती येऊ लागते. मात्र ते वळिवात सापडू देऊ नये. मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा थंडीत पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये बियाला येतात, त्यांची फार काळजी नाही. फ्लॉवर आणि कोबीच्या नादी मात्र लागू नये, त्यांना बी धरायला लागणारी थंडी आपल्याकडे पडत नाही.

बी घ्यायचे ते चांगल्या झाडाचे, नुसत्या चांगल्या फळाचे नव्हे. मरगळलेल्या झाडालाही एखादे गोंडस फळ लागते, पण बियात उतरतात ते झाडाचे गुण. लवकर फुलणारे, पानांचा चुरडा-मुरडा न झालेले, पाण्याचा ताण सोसणारे झाड हेरून त्याला आधीच रंगीत चिंधी बांधावी आणि घरात सर्वांना सांगून ठेवावे, नाहीतर नेमके तेच फळ भाजीत जाते. भेंडीवरचा केवडा, म्हणजे पाने पिवळी पाडणारा रोग, पांढऱ्या माशीमुळे पसरतो, बियातून नाही. तरीही केवडा आलेले झाड बियाला धरू नये, कारण ते त्या रोगाला लवकर बळी पडणारे आहे. मिरचीची फळकूज आणि चवळीच्या पानांवर चट्टे पाडणारा मोझॅक रोग तर बियातूनही पुढे जातात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भेंडीची एक-दोन फळे पिकायला सोडली की झाडाला नवी फळे धरण्याची घाई उरत नाही, तोडा घटतो. म्हणून सगळ्या झाडांवर एकेक फळ राखण्यापेक्षा दोन झाडे पूर्ण बियाला सोडावीत.

टोमॅटोपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे, कारण तो बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले, झाडावरच लालभडक आणि किंचित मऊ झालेले फळ घ्यावे. आडवे कापून बिया रसासकट काचेच्या ग्लासात पिळाव्यात. पाणी घालू नये. वर फडके बांधून ग्लास सावलीत ठेवावा आणि दिवसातून दोनदा काडीने ढवळावा. बियाभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारी द्रव्ये असतात, ते आंबून सुटले पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक ते दीड दिवस पुरतो, थंडीत तीन दिवसही लागतात. वर पांढरट साय आली, बारीक बुडबुडे दिसले, वास आंबूस झाला आणि बी बोटांत घेतल्यावर बुळबुळीत न लागता खरखरीत लागले की थांबायचे. इथेच बहुतेकांची गडबड होते. आणखी एक दिवस राहू दे म्हणून ठेवले तर ग्लासातच बियांना पांढरे मोड फुटतात आणि मेहनत वाया जाते. मग ग्लास पाण्याने भरावा. भरीव बी तळाला बसते, पोकळ बी आणि साल वर तरंगते, ते अलगद ओतून द्यावे. तीन-चारदा असे करून बी चहाच्या गाळणीत धुवावे आणि स्टीलच्या ताटलीत किंवा चिनी मातीच्या बशीत पसरावे. वर्तमानपत्रावर पसरू नये, बी कागदाला चिकटते आणि सोडवताना सोलते. पहिले काही तास बोटाने मोकळे करत राहावे, नाहीतर गोळा होतो.

वांग्याला याच्या उलट धीर लागतो. बियाचे वांगे जांभळेपणा सोडून पिवळट तपकिरी पडते, त्याची चकाकी जाते, देठ वाळू लागतो. तोवर त्याला हात लावायचा नाही. तोडल्यावरही आठवडाभर सावलीत ठेवावे, त्या काळात बियात उरलेला गर भरतो. नंतर चिरून पाण्यात कुस्करले की बी खाली बसते. हे आंबवायची गरज नाही. मिरची मात्र झाडावरच लाल होऊन सुरकुतेपर्यंत ठेवावी आणि बी काढताना हातमोजे घालावेत. मिरचीत मधमाश्या परागाची बरीच सरमिसळ करतात. बियाण्याच्या शेतीत मिरचीच्या दोन वाणांत २०० ते ४०० मीटर अंतर राखतात. राजारामपुरीच्या गच्चीवर ते अशक्य. त्याऐवजी कळ्या असलेल्या फांदीवर मलमलीची छोटी पिशवी चढवून तोंड दोऱ्याने बांधावे, रोज फांदी हलकेच टिचकावी, पाच-सहा फळे धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठांना खुणेचा दोरा बांधावा. भेंडीचे तसे नाही, तिचे फूल मोठे असते. आदल्या संध्याकाळी कळीच्या टोकाला दोरा गुंडाळून ती उमलूच दिली नाही तर तिच्यात शुद्ध बी धरते.

वेलवर्गात नर आणि मादी फुले वेगळी असतात, त्यामुळे हाताने परागीकरण करणे फारसे अवघड नाही. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ असते, त्यावरून ते ओळखू येते. फूल उमलण्याची वेळ मात्र ध्यानात ठेवावी लागते. काकडी, कारले, लाल भोपळा आणि घोसाळे पहाटे-सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी. सकाळी उमलणाऱ्यांच्या नर आणि मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने किंवा कपड्याच्या चिमट्याने बंद कराव्यात, संध्याकाळी उमलणाऱ्यांच्या त्याच दुपारी. उमलण्याच्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या खाली मुडपून, परागाचा दांडा मादी फुलाच्या मधल्या भागावर सर्व बाजूंनी फिरवावा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. फळ वाढू लागले की देठाला दोरा.

दुधीच्या बाबतीत ही काळजी जिवाशी निगडित आहे. दुधीच्याच एखाद्या कडू वेलाचा पराग मिसळला तर त्या वर्षी फळात काही कळत नाही, पण त्याचे बी पुढच्या हंगामात लावले की फळ कडू निघू शकते. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. म्हणून घरच्या बियाचा दुधी, काकडी किंवा दोडका कापला की आधी एक चकती जिभेला लावावी. कडू लागली तर थुंकून फळ टाकून द्यावे, वेल उपटावा आणि त्या पिढीचे सगळे बी नष्ट करावे. मीठ लावून कडूपणा काढण्याचा प्रयोग इथे नको.

बियाचा दुधी वेलावरच लाकडासारखा कडक होऊ द्यावा, हलवला की आत बी खुळखुळते. दोडका आणि घोसाळे तपकिरी होऊन वाळतात, टोकाची टोपी आपोआप सुटते आणि बी झटकून काढता येते. काकडी पिवळसर ते तपकिरी झाल्यावर काढून टोमॅटोसारखी एक दिवस आंबवावी. कारले केशरी झाले की उकलायच्या आदल्या दिवशीच घरात आणावे, नाहीतर लाल गरासाठी पक्षी आणि मुंग्या आधी पोचतात.

मधमाशी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर सहज जाते. वेलवर्गातल्या दोन वाणांत किमान अर्धा किलोमीटर अंतर असावे लागते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घराला घर लागून असताना हे एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. दुसरी अडचण झाडांच्या संख्येची. मुळ्यासारखी पिके परक्या परागावर चालतात, दोन-तीन झाडांवरून वर्षानुवर्षे बी धरले तर पिढीगणिक वाण खुरटत जाते, त्यांची निदान १०-१२ झाडे एका वेळी फुलायला हवीत. यावर आमची सूचना अशी की गल्लीने वाटणी करावी. एका गल्लीत दुधीचे एकच वाण, काकडीचे एकच वाण. एका घराने दुधी सांभाळावा, दुसऱ्याने मिरची, तिसऱ्याने मुळा, आणि बी सर्वांत वाटून घ्यावे. टोमॅटो, घेवडा, गवार, चवळी, मेथी यांना हे बंधन फारसे नाही, ती ज्याने त्याने आपली राखावीत. इतक्या घरांना एकत्र बोलावणे आपल्या पेठांतल्या तालमींना आणि तरुण मंडळांना सहज जमेल.

वाळवण्याबाबत आपल्या लेखातला कडक उन्हाचा सल्ला कृपया दुरुस्त करावा. एप्रिलमधली गच्चीची फरशी दुपारी हाताला चटका देते. ओले बी त्यावर टाकले तर वरची साल आधी आवळते, आतली ओल कोंडते आणि अंकुर मरतो. बी ३५ अंशांच्या वर तापू नये. सावलीत, पंख्याखाली, पातळ थरात, दिवसातून तीनदा हलवत आठवडाभर वाळवावे. सकाळी दहापर्यंतचे कोवळे ऊन चालते. दुधी आणि भोपळ्याचे बी वाकवल्यावर कट्‍कन मोडले पाहिजे, नुसते वाकले तर अजून ओल आहे. घेवड्याच्या दाण्यावर दात रोवला तर खूण उमटता कामा नये.

तरीही उरलेली ओल काढायला घरगुती उपाय आहे. मूठभर तांदूळ कढईत तांबूस होईपर्यंत भाजावेत, झाकण लावलेल्या डब्यात गार करावेत आणि काचेच्या बरणीच्या तळाशी घालावेत. बियाची कापडी पुरचुंडी त्यावर ठेवून झाकण घट्ट लावावे. तीन-चार दिवसांनी तांदूळ बदलावेत. ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे वापरायचे तर बियाच्या वजनाइतके घ्यावे आणि निळ्याऐवजी नारिंगी घ्यावे, निळ्यात विषारी कोबाल्ट असते. बियातली ओल एका टक्क्याने उतरली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. पुरेसे वाळलेले बी छोट्या बाटलीत भरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बाहेर काढल्यावर बाटली लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला यायला काही तास द्यावेत, नाहीतर गार बियावर दव धरते आणि वाळवलेले सगळे वाया जाते. बाटलीवर वाण, घर आणि महिना-वर्ष पेन्सिलीने लिहावे, शाई ओलीने पसरते.

पावटा, वरणा, चवळी यांतला भुंगा बरणीत बाहेरून येत नाही. त्याच्या मादीने शिवारात शेंगेवरच अंडी घातलेली असतात. म्हणून झाकण कितीही घट्ट लावा, दोन महिन्यांनी दाण्यांना भोके पडतात. पूर्ण वाळलेले कडधान्याचे बी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले की अंडी-अळ्या मरतात. ओलसर बी मात्र तिथे ठेवू नये, बियाच मरेल. फ्रीझर नसेल तर किलोभर दाण्याला एक चहाचा चमचा गोडेतेल चोळावे, किंवा चाळलेल्या शेणीच्या राखेत दाणे बुडवून ठेवावेत.

चांगले राखलेले बीही कायमचे टिकत नाही. कांद्याचे वर्षभर, भेंडी आणि मिरचीचे दोन वर्षे, मेथी, धने आणि घेवड्याचे दोन-तीन, वांगी, टोमॅटो आणि काकडीचे चार-पाच. पेरण्याआधी २० बिया ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. घेवड्याला आठवडा, टोमॅटो-मिरचीला दोन आठवडे द्यावेत. १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के, म्हणजे टोमॅटो-वांग्याच्या प्रमाणित बियाण्याइतकी. वीसपैकी दहापेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा आणि याच हंगामात ताजे बी धरा.

रोपांसाठी पंचगंगाकाठची काळी माती एकटी वापरू नये, सुकली की तिच्यावर पापुद्रा धरतो आणि बारीक कोंबाला तो फोडता येत नाही. दोन भाग धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एक भाग चाळलेले गांडूळखत पुरे. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे, टोमॅटो-मिरचीला अर्धा सेंटिमीटर. भेंडी रात्रभर, कारले २४ तास भिजवावे, आणि कारल्याच्या टणक कवचाची कड आधी नेलकटरने किंचित उडवावी. रोपे जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात ती मर दाट पेरणीने आणि जास्त पाण्याने येते. किलोभर मिश्रणात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळावी, पाणी रोपांच्या ट्रेच्या खालून द्यावे आणि मृगाचा पाऊस थेट रोपांवर पडू देऊ नये. टोमॅटोचे रोप तीन-चार आठवड्यांत लावणीला येते, वांगी आणि मिरचीला पाच-सहा आठवडे लागतात. वेलवर्गाला मुळे हललेली खपत नाहीत. त्यांचे बी थेट कुंडीत किंवा कागदी कपात टोकावे आणि कपासकट लावावे.

आमच्या दोन विनंत्या आहेत. आपल्या परसबागेच्या सदरात पुढच्या लेखाबरोबर, कोणते फळ कोणत्या महिन्यात बियाला राखायचे याचे कोल्हापूरच्या पावसाला धरून केलेले वेळापत्रक छापावे. पुण्या-मुंबईचे वेळापत्रक आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. दुसरी विनंती महापालिकेच्या उद्यान विभागाला आपल्या माध्यमातून: अक्षय तृतीयेला बी लावायला मातीत आळी घालण्याची आपली रीत आहे, तिच्या आधीच्या रविवारी शहरातल्या एखाद्या उद्यानात बियांच्या देवघेवीसाठी चार टेबले आणि सावली एवढी सोय करावी. बी आणणाऱ्याने पाकिटावर वाणाचे नाव, सरळ की संकरित, बी धरल्याचा महिना आणि घरी घेतलेल्या उगवण चाचणीचा आकडा लिहावा, असा एकच नियम ठेवावा. हे चार तपशील नसलेले पाकीट टेबलावर घेऊ नये.

आपले,
परसबाग करणारे काही वाचक, कोल्हापूर